बीजपेशींचें कुलूपबंद दफ्तर

घोड्याच्या आंतड्यांत राहणारा अ‍ॅस्कॅरिस नांवाचा एक जंत आहे. सायंकाळीं घरांत बसून ऐकावी अशी ही रम्य कथा नव्हे, हें मी जाणून आहें. परंतु कर्करोगाविषयींच्या एका महत्त्वाच्या कल्पनेचा इतिहास या ओंगळ प्राण्यापासूनच सुरू होतो, त्याला माझा इलाज नाहीं.

इ. स. १८८७ सालीं थिओडोर बोव्हेरी हे पंचविशींतील जर्मन संशोधक या जंताच्या अंड्यांची वाढ सूक्ष्मदर्शकांतून पाहत होते. आनुवंशिक गुण ज्यांत सांठविलेले असतात त्या पेशींतील धाग्यांना आपण गुणसूत्रें म्हणतों. अ‍ॅस्कॅरिसचीं गुणसूत्रें संख्येनें अगदीं थोडीं आणि आकारानें मोठीं असल्यामुळें त्यांचें निरीक्षण सोपें जातें. अंडें फळतें, त्याच्या दोन पेशी होतात, दोहोंच्या चार होतात. बोव्हेरी यांना असें आढळलें कीं, यांपैकीं बहुतेक पेशींत गुणसूत्रांचीं टोकें गळून पडतात आणि पेशीच्या रसांत विरून जातात. पोथीचे पहिले आणि शेवटचे अध्याय कोणीं फाडून टाकावे तसा हा प्रकार ! एका पेशींत मात्र पोथी अखंड राहते. ती पेशी दुभंगली कीं तिच्या एका लेकीच्या वाट्याला पुन्हां फाडाफाड येते आणि दुसरीच्या वाट्याला अखंड पोथी. असें कांहीं पिढ्या चालतें. शेवटीं जिच्यापाशीं पोथी अखंड उरते, तिच्यापासून त्या जंताच्या बीजपेशी, म्हणजे पुढची पिढी निर्माण करणाऱ्या पेशी, तयार होतात. आणि बाकीच्यांपासून कातडी, स्नायु, आंतडें असा सगळा नश्वर देह बनतो.

याच काळांत फ्रायबुर्गचे प्राध्यापक ऑगस्ट वाइझमन हे निराळ्या वाटेनें त्याच ठिकाणीं येऊन पोंचले होते. दृष्टि अधू झाल्यामुळें त्यांना सूक्ष्मदर्शक दूर ठेवावा लागला, आणि म्हणून विचार करण्यास त्यांना भरपूर सवड मिळाली, असें म्हटलें तर तें अगदींच चुकीचें होणार नाहीं. १८९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं सजीवाच्या पेशींचे दोन वर्ग केले. एक वर्ग देहाचा; तो प्रत्येक पिढींत नवा होतो आणि मरतो. दुसरा वर्ग बीजाचा. तो एका देहांतून दुसऱ्या देहांत जातो, पण त्याचा धागा कोठें तुटत नाहीं. तुमच्या-आमच्या शरीरांत आज ज्या बीजपेशी आहेत त्यांची परंपरा, एकहि खंड न पडतां, पृथ्वीवरील पहिल्या सजीवापर्यंत मागें जाते. देह म्हणजे या वतनाची एका पिढीपुरती देखरेख करणारा कारभारी, इतकाच त्याचा अधिकार.

आतां कर्करोगाकडे पाहूं. देहपेशीचा धर्म असा कीं, तिनें ठराविक वेळां विभागावें, आपलें काम करावें आणि थांबावें. कर्कपेशी थांबत नाहीं. १९५१ सालीं बाल्टिमोर येथें हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या अर्बुदांतून काढलेल्या पेशी तिच्या मृत्यूनंतर आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. मर्त्य देहांतील एका पेशीला हें अमरत्व कोठून लाभलें ? देहांत अमर अशी एक परंपरा जर आहेच, तर कर्कपेशीनें तिच्याच दफ्तरांतून कांहीं कागद चोरले असतील काय ? आज मला ज्या कल्पनेचा इतिहास सांगावयाचा आहे ती हीच.

बोव्हेरी यांनीं स्वतः हा प्रश्न या शब्दांत विचारला नाहीं. १९१४ सालीं त्यांनीं घातक अर्बुदांच्या उत्पत्तीवर एक छोटेंसें पुस्तक लिहिलें आणि त्यांत गुणसूत्रांच्या वांटणींत झालेली गफलत हें कर्करोगाचें मूळ असावें असें प्रतिपादन केलें. दुसऱ्याच वर्षीं ते वारले. पुस्तकाकडे त्या काळीं फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. त्यांच्या विदुषी पत्नी मार्सेला यांनीं १९२९ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें नसतें, तर तें आणखी कित्येक वर्षें धूळ खात पडलें असतें. पण बीजपेशी आणि कर्करोग यांची सांगड घालण्याचें धाडस त्यांच्याहि आधीं एका गृहस्थांनीं केलें होतें. त्यांची कथा जितकी मनोवेधक तितकीच दुःखद आहे, म्हणून तेथें थोडें थांबतों.

हे गृहस्थ म्हणजे एडिंबरो येथील गर्भशास्त्राचे अध्यापक जॉन बिअर्ड. आपल्याकडील पाकट माशासारख्या चपट्या माशांच्या गर्भांचा त्यांनीं वर्षानुवर्षें अभ्यास केला होता. बीजपेशी गर्भांत आपल्या कायमच्या जागीं जन्मत नाहींत. त्या दुसरीकडे उत्पन्न होतात आणि गर्भाच्या अंगांतून वाट काढीत आपल्या मुक्कामाला पोंचतात, हें त्यांनीं पाहिलें. आणि त्यांनीं आणखी एक गोष्ट पाहिली : या यात्रेंत कांहीं यात्रेकरू वाट चुकतात आणि भलत्याच ठिकाणीं मुक्काम ठोकतात. १९०२ सालीं त्यांनीं असा सिद्धान्त मांडला कीं, अशी चुकलेली बीजपेशी पुढें केव्हां तरी जागी होते आणि गर्भाभोंवतीं जें आवरण असतें, जें मातेच्या गर्भाशयाच्या भिंतींत मुळांसारखें शिरतें, त्या आवरणासारखे ऊतक निर्माण करूं लागते, हाच कर्करोग.

येथवर तें एक धाडसी अनुमान होतें. पण बिअर्ड येथें थांबले नाहींत. स्वादुपिंडांतून निघणारा पाचकरस या आवरणाची वाढ रोखतो अशी त्यांची समजूत होती; तेव्हां ट्रिप्सिन हा पाचक पदार्थ टोंचला कीं कर्करोग बरा होईल, असें त्यांनीं सांगितलें. उपचार सुरू झाले, कांहीं दिवस मोठा गाजावाजा झाला, आणि रोगी बरे होईनात तेव्हां तो ओसरला. १९२४ सालीं बिअर्ड वारले तेव्हां त्यांचें नांव वैद्यकविश्व जवळजवळ विसरलें होतें. विसरलेंच असतें तर बरें झालें असतें, असें पुढील हकीकत वाचून वाटतें. १९५० सालीं अमेरिकेंत क्रेब्स नांवाच्या पितापुत्रांनीं हाच सिद्धान्त पुन्हां उकरून काढला आणि त्याचा आधार देऊन जर्दाळूच्या बियांत आढळणाऱ्या द्रव्याशीं संबंधित असें 'लेट्रिल' नांवाचें औषध खपविण्यास आरंभ झाला. हजारों रोग्यांनीं त्यावर विश्वास ठेविला. शेवटीं १९८२ सालीं १७८ रोग्यांवरील रीतसर चाचणीचा निकाल जाहीर झाला : गुण कोणालाहि आला नाहीं, मात्र कित्येकांच्या रक्तांत सायनाइड विषाचें प्रमाण धोक्याच्या मर्यादेजवळ गेलें होतें. कल्पनेंतील एक कण खरा असला म्हणजे तिच्या नांवावर किती खोटें विकतां येतें, याचा हा नमुना आहे. मी हें मुद्दाम विस्तारानें सांगतों, कारण आजहि अशीं औषधें बंद झालेलीं नाहींत.

कण खरा होता म्हणजे काय ? वाट चुकलेल्या बीजपेशींपासून अर्बुदें खरोखरच होतात. छातीच्या पोकळींत, माकडहाडापाशीं, मेंदूच्या मध्यभागीं अशा शरीराच्या मध्यरेषेवरील जागीं कधींकधीं जी बीजपेशींचीं अर्बुदें सांपडतात, त्यांचा उगम बहुधा असाच असतो असें पुष्कळ तज्ज्ञ मानतात. परंतु हीं अर्बुदें विरळा. स्तनाचा, फुप्फुसाचा, तोंडाचा कर्करोग बीजपेशींपासून होत नाहीं, हें निश्चित आहे. बिअर्ड यांची चूक ही कीं, त्यांनीं चोर बाहेरून आला असें धरलें. तो घरांतलाच होता.

बीजपेशी आणि अर्बुद यांचें नातें प्रयोगानें सिद्ध करण्याचें श्रेय अमेरिकेंतील बार हार्बर या समुद्रकांठच्या गांवीं काम करणाऱ्या लेरॉय स्टीव्हन्स यांच्याकडे जातें, आणि तेंहि अनपेक्षित रीतीनें. १९५३ च्या सुमारास तंबाखूच्या एका कंपनीच्या पैशांतून त्यांना उंदरांवर सिगारेटचे परिणाम तपासण्याचें काम मिळालें होतें. '१२९' या क्रमांकाच्या वंशांतील एका उंदराचा वृषण त्यांना सुजलेला दिसला. चिरून पाहतात तों आंत केंस, हाड, कूर्चा, स्नायु यांची सरमिसळ ! सिगारेटशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. त्या वंशांतील शेंकडा एक उंदराला हा विकार उपजतच होई. स्टीव्हन्स यांनीं तंबाखू बाजूस ठेविली आणि उरलेलें आयुष्य त्या एका गांठीला दिलें. पैसे देणाऱ्यांना तें कितपत रुचलें असेल कोण जाणे !

त्यांनीं त्या गांठीचा माग काढीत काढीत गर्भावस्थेपर्यंत मजल मारली. गर्भांतील ज्या भागापासून वृषण तयार होतो तो भाग काढून प्रौढ उंदराच्या वृषणांत बसविला असतां गांठी वाटेल तितक्या मिळूं लागल्या. आणि १९६७ सालीं त्यांनीं निर्णायक पुरावा दिला : ज्या उंदरांच्या गर्भांत जन्मजात दोषामुळें बीजपेशीच नसतात, त्यांच्यांत ही गांठ होत नाहीं. दरम्यान १९६४ सालीं क्लाइनस्मिथ व पिअर्स या दोघांनीं अशा गांठींतील एकेक पेशी निवडून निरनिराळ्या उंदरांत टोंचली, तेव्हां एकाच पेशीपासून केंस-हाडांसह सगळी गांठ पुन्हां उभी राहिली. म्हणजे कर्करोगाच्या पोटांत एक मूलपेशी होती. मूलपेशी म्हणजे जी स्वतःसारखी पेशीहि निर्माण करते आणि निराळें काम करणारी पेशीहि. स्टीव्हन्स यांच्याच उंदरांत पुढें एक असा दोष सांपडला कीं, त्यानें हें प्रमाण शेंकडा एकावरून नव्वदांच्या वर नेलें. या दोषाचें जनुक २००५ सालीं ओळखलें गेलें. त्याचें नांव 'डेड-एंड', आणि बीजपेशींना बीजपेशीच ठेवणें हें त्याचें काम. तें जनुक मोडलें कीं बहुतेक बीजपेशी मरतात, आणि ज्या वांचतात त्या अर्बुद होतात.

बीजपेशींच्या मूलपेशींवर शिस्त कोण ठेवतें, याचा उलगडा मात्र उंदरांत नव्हे, तर एका सूक्ष्म कृमींत आणि फळमाशींत झाला. केंब्रिज येथें ज्युडिथ किंबल व जॉन व्हाइट यांनीं १९८१ सालीं कृमीच्या बीजकोशाच्या टोकाशीं बसलेली एकच देहपेशी लेसरच्या किरणानें जाळली, आणि शेजारच्या सगळ्या बीजपेशींनीं वाढ थांबविली. ती एक पेशी शेजारणींना सतत 'वाढा' असा निरोप देत होती. पुढें असें दिसलें कीं, निरोप घेणाऱ्या जनुकांत बिघाड होऊन तो निरोप अखंड ऐकूं येऊं लागला, तर बीजकोशांत अर्बुद होतें. याच घराण्यांतील 'नॉच' हें जनुक माणसांत आहे. आणि २००४ सालीं असें आढळलें कीं, टी-पेशींच्या तीव्र रक्तकर्करोगाच्या निम्म्याहून अधिक रोग्यांत तें बिघडलेलें असतें.

माशींतील उदाहरण तर अधिकच बोलकें आहे. माशीच्या अंडाशयाच्या प्रत्येक नळीच्या टोकाशीं दोन-तीन मूलपेशी असतात. त्यांतली एक दुभंगली कीं एक लेक घरीं राहते. दुसरी बाहेर पडून चार वेळां विभागते, तिच्या सोळा होतात, आणि सोळांतील एक अंडें बनते. 'आतां घर सोड' हें सांगणारें एक जनुक आहे. तें नसलें तर पेशी नुसत्या वाढत राहतात आणि नळ्या बारीक गोल पेशींनीं गच्च भरतात; म्हणून त्याचें नांव 'गोट्यांची पिशवी' असें १९९० सालीं ठेवण्यांत आलें. नांवें ठेवण्यांत माशीवाल्या शास्त्रज्ञांचा हात कोणी धरणार नाहीं. बीजपेशींच्या घडणीस लागणाऱ्या आणखी एका जनुकाचें नांव 'व्हासा' आहे. तें स्वीडनच्या एका राजघराण्यावरून, कारण त्या घराण्याची गादी निर्वंश झाली!

असो. आतांपर्यंतची सारी अर्बुदें बीजकोशांतील होतीं. देहपेशीचा प्रश्न अजून शिल्लकच आहे.

घोड्याच्या जंताची देहपेशी बीजाचे अध्याय फाडून टाकते, हें आपण पाहिलें. माणसाच्या शरीरांत तशी फाडाफाड होत नाहीं. कातडीच्या, यकृताच्या, मेंदूच्या पेशींत सगळी पोथी जशीच्या तशी असते. फक्त बीजाचे अध्याय कुलपांत असतात. हें कुलूप रासायनिक आहे : जनुकावर बारीक मेथिल-गट चिकटविलेले असतात, आणि कांहीं प्रथिनें त्या भागावर पहारा देतात. मग कुलूप निघालें तर ? २००५ सालीं गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळेंत याचें उत्तर अंशतः मिळालें. बालकांच्या डोळ्यांत होणाऱ्या एका कर्करोगाला आळा घालणारें जें 'रेटिनोब्लास्टोमा' जनुक, त्याचेंच भावंड कृमींत आहे. तें नाहींसें केलें असतां कृमीच्या आंतड्याच्या व त्वचेच्या पेशींत बीजपेशींचीं खास चिन्हें दिसूं लागलीं. म्हणजे कर्करोग आवरणारें जनुक हेंच बीजाच्या दफ्तराचेंहि पहारेकरी होतें.

खरी कसोटी लागली ती बार्सिलोना येथें. फळमाशींत एक जनुक आहे. एलिझाबेथ गाटेफ यांनीं तें शोधून काढलें. तें बिघडलें तर अळीच्या मेंदूंत मोठें अर्बुद होतें, आणि त्या अर्बुदाचा तुकडा निरोगी माशीच्या पोटांत ठेवला तर तेथेंहि तो वाढतो. कायेतानो गोन्सालेस व त्यांचे सहकारी यांनीं या अर्बुदांत कोणकोणतीं जनुकें विनाकारण जागीं झालीं आहेत याची यादी केली. यादींतील सुमारें एक चतुर्थांश जनुकें बीजपेशींचीं निघालीं ! व्हासा होतें, नॅनोस होतें, पीवी होतें, ऑबर्जिन होतें. मेंदूला त्यांची कांहींएक गरज नाहीं. पण हीं जागीं झालीं म्हणून अर्बुद झालें, कीं अर्बुद झाल्यामुळें हीं जागीं झालीं ? वाड्याला आग लागली म्हणजे दारें-खिडक्याहि तडकतात. तेवढ्यावरून दारांनीं आग लावली असें होत नाहीं. म्हणून त्यांनीं पुढचें पाऊल टाकलें. त्यांनीं हीं जनुकें एकेक करून अशा माशींतून काढलीं, आणि त्यांतील पीवी, व्हासा, ऑबर्जिन किंवा नॅनोस यांपैकीं एकहि नसलें तर मेंदूचें अर्बुद वाढेनासें झालें. हा निबंध डिसेंबर २०१० मध्यें प्रसिद्ध झाला. बिअर्ड यांच्यानंतर एकशें आठ वर्षांनीं देहपेशींतील बीजाच्या जनुकांवरील आरोप एका प्राण्यांत तरी शाबीत झाला.

एवढ्यानें वाद मिटला असें मात्र नाहीं. दुसऱ्याच वर्षीं व्हिएन्ना येथील संशोधकांनीं त्याच जनुकाचा अभ्यास करून अवयवांचा आकार ठरविणाऱ्या निराळ्याच जनुकांच्या सांखळीकडे बोट दाखविलें. माझें मत विचाराल तर दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असण्यास हरकत नाहीं. पहारेकरी झोंपला म्हणजे एकच खोली उघडी राहते असें थोडेंच आहे!

माणसांतील पुरावा तर माशीच्याहि आधीं गोळा होऊं लागला होता. १९९१ सालीं ब्रुसेल्स येथें थिएरी बून व पिएर व्हान डर ब्रुग्गेन यांनीं मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगांतून एक जनुक वेगळें केलें. रोगिणीच्या रक्तांतील रक्षक पेशी ज्या खुणेवरून कर्कपेशी ओळखून मारीत, ती खूण या जनुकानें निर्माण होत होती. त्याला 'मेज' असें नांव मिळालें. निरोगी शरीरांत तें कोठें जागें असतें याचा शोध घेतां घेतां उत्तर आलें : वृषणांत, आणि जवळजवळ कोठेंच नाहीं. पुढें न्यूयॉर्कच्या लॉइड ओल्ड यांच्या मंडळींनीं १९९७ सालीं आणखी एक असेंच जनुक शोधलें, आणि पाहतां पाहतां असा मोठा परिवार उजेडांत आला. त्यांतील कित्येक एक्स गुणसूत्रावर वसलेलीं आहेत. १९९६ सालीं बून यांच्याच प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, मेथिल-गट काढून टाकणारें औषध दिलें कीं 'मेज' जागें होतें. कुलूप कोणतें तें ठरलें.

आणि अमरत्वाचा तो पहिला प्रश्न ? प्रत्येक विभागणीबरोबर गुणसूत्राचीं टोकें झिजतात. बीजपेशींत तीं पुन्हां भरून काढणारें 'टेलोमरेज' नांवाचें द्रव्य असतें; बहुतेक देहपेशींत तें नसतें. १९९४ सालीं तपासलेल्या १०१ अर्बुदांपैकीं ९० मध्यें तें सांपडलें, आणि ५० निरोगी देह-नमुन्यांपैकीं एकांतहि सांपडलें नाहीं. चोरलेल्या कागदांपैकीं हा सर्वांत मोलाचा.

यांतून औषध निघेल, ही आशा स्वाभाविक होती. बीजपेशींच्या बाहेर जें कोठेंच नाहीं त्यावर नेम धरला तर निरोगी अवयवाला धक्का लागणार नाहीं. आणि बीजपेशी आपल्या पृष्ठभागावर अशा खुणा रक्षक पेशींना दाखवीत नाहींत, म्हणून त्याहि सुरक्षित. 'मेज-ए-३' विरुद्धची लस फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन हजारांहून अधिक रोग्यांच्या चाचणींत अजमावून पाहिली. २०१४ मध्यें ती निष्फळ ठरली. त्याच खुणेवर रोख धरण्यास शिकविलेल्या रक्षक पेशी दोन रोग्यांना दिल्या, तेव्हां त्या पेशींनीं हृदयाच्या स्नायूंतील टायटिन नांवाच्या प्रथिनालाच शत्रु समजून हल्ला केला. दोघेहि काहीं दिवसांतच दगावले. तो वृत्तान्त २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. दोन चेहरे थोडेसे सारखे होते, एवढाच काय तो घोटाळा.

त्यानंतर नेम अधिक काळजीपूर्वक धरण्यांत येऊं लागले. सांध्यांच्या आसपास वाढणारा 'सायनोव्हियल सार्कोमा' हा एक विरळा कर्करोग आहे. त्यांत 'मेज-ए-४' पुष्कळदां जागें असतें. रोग्याच्याच रक्तांतील रक्षक पेशी काढून, त्यांना ही खूण ओळखण्यास शिकवून, पुन्हां त्याच्या शरीरांत सोडावयाच्या, अशा उपचाराला ऑगस्ट २०२४ मध्यें अमेरिकेंत मान्यता मिळाली. ४४ रोग्यांच्या चाचणींत दहांपैकीं सुमारें चौघांची गांठ लक्षणीयरीत्या आक्रसली. तो सर्वांना लागू पडत नाहीं. ज्यांच्या पेशींचा एक विशिष्ट अनुवंशिक ठसा जुळतो आणि ज्यांच्या गांठींत 'मेज-ए-४' प्रत्यक्ष जागें आहे, अशांनाच तो देतां येतो. म्हणून उपचारापूर्वीं गांठीचा तुकडा तपासून त्यांत तें जनुक बोलतें आहे कीं मुकें आहे, हें पाहिलें जातें.